पूजेला लागलेला पियानो

आमच्या घरातल्या फळीवरचे पितळी पेले दिवसभर एकमेकांवर आपटत असायचे. कारापूरला आमचं बिऱ्हाड अगदी रस्त्याला लागून होतं, आणि त्या रस्त्यावरून उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत खनिजाच्या ट्रकांची रांग धक्क्याकडे चाललेली असे. भरलेला ट्रक गेला की पेले किणकिणत, रिकामा परतला की नुसते थरथरत, आणि आई पाठमोरी बसून नारळ खवता खवता सांगायची, "हो रिकामो." त्या रांगेतल्या एका ट्रकावर माझे बाबा ड्रायव्हर होते. त्यांची गाडी आई चढावरच्या गिअरवरून ओळखायची आणि चुलीवर पाणी ठेवायची. वाळत घातलेले पांढरे कपडे आमच्याकडे संध्याकाळपर्यंत गुलाबी होत. शाळेत बाई म्हणायच्या, युनिफॉर्म पांढरा हवा. आई म्हणायची, बाईंना म्हणावं एकदा इथे येऊन धुऊन दाखवा. अशा घरात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. आजही मी फोनवर बोलायला लागले की सून हळूच दार लोटून घेते. तिचं काही चुकत नाही.

आम्ही दोडामार्गाकडचे. बाबा खाणींच्या पाठोपाठ इकडे आले आणि इथलेच झाले, पण त्यांची बोली मालवणीच राहिली. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा, आई त्याच्याकडून गरम उंडे घ्यायची आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आम्हा भावंडांना द्यायची. त्यातला एक उंडा फडक्यात बांधून मला रस्त्यापलीकडे पाठवायची, मिंगेलबाबांकडे. त्यांची बहीण आनामारीबाय त्याच फडक्यात काहीतरी घालून परत करायची, कधी बोरं, कधी नारळाची बिस्किटं. फडकं रिकामं परत पाठवायचं नाही, एवढी एकच गोष्ट या दोन घरांमध्ये न बोलता ठरलेली होती. एरवी ते क्रिस्तांव, आम्ही हिंदू, ते मासे आणायचे तेव्हा आमचा सोमवार असायचा.

मिंगेलबाब उभा जन्म मुंबईत काढून घरी परतले होते. मोठ्या हॉटेलांतल्या जॅझ बँडांसाठी ते चाली बांधत, सिनेमाच्या गाण्यांना ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे लिहून देत. वाजवणारे दुसरे, नाव तिसऱ्याचं. याबद्दल त्यांना रुखरुख होती असं मला कधी वाटलं नाही, ते हसून सांगत, "म्हजें काम आवाज करपाचें आसलें. खूब केलो." आता मात्र त्यांना एकट्यानं, नुसत्या पियानोवर, स्वतःच्या चाली हळू आवाजात वाजवायच्या होत्या. त्यासाठी मुंबईचा आपला उभा पियानो त्यांनी बोटीनं पणजीपर्यंत आणवला. पणजीहून कारापूरला तो आणला माझ्या बाबांनी, आपल्या टिपरमधून.

ही गोष्ट आमच्या घरात पुढे कितीदा सांगितली गेली असेल, पण बाबा तेव्हा हटकून उठून बाहेर जायचे. त्यांनी गाडीचा हौदा धुवून काढला होता, खाली गवत अंथरलं होतं, पियानोला चारी बाजूंनी दोर बांधले होते. पणजीहून इथवर गाडी अशी आणली की हौद्यात झोपलेलं बाळ असतं तर जागं झालं नसतं. मिंगेलबाबांच्या बाल्कांवापाशी, म्हणजे घरापुढच्या ओसरीपाशी, गाडी मागे घेतली. आणि वर्षानुवर्षं धक्क्यावर गाडी मागे घेतली की पुढे जे करायचं, तेच हातानं केलं. हौदा उचलायचा दांडा ओढला. आई किंचाळली, आनामारीबायनं क्रूस काढला, हौदा वर उठला, दोर ताणले, आणि पियानो घसरून मागच्या फळीवर आदळला. त्याच्या पोटातून सगळ्या तारांचा एकदम जो हुंकार निघाला तो मी अजून विसरले नाही. बाबांनी हौदा खाली घेतला तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

"मास्तर, हात सवयीन गेलो," एवढंच ते मिंगेलबाबांना म्हणाले.

मिंगेलबाबांनी पियानो आत घेतल्यावर एकेक पट्टी दाबून पाहिली. खालच्या अंगाचे दोन सूर बसले होते, दाबले की नुसता लाकडाचा ठोका यायचा. ते म्हणाले, "बरें जालें, शिवा. ते दोन सूर म्हाका केन्नाच आवडनासले." बाबांना हे खोटं आहे हे कळत होतं. त्या दिवसापासून ते मिंगेलबाबांच्या बाल्कांवावर चढेनात. रस्त्यावरूनच हात करायचे.

मी मात्र रोज संध्याकाळी तिथेच. खिडकीला ते जनेल म्हणत, त्याखालच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, पाय वर घेऊन बसायचं आणि ऐकायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे वाजवायला घाबरतायत. माझ्या ओळखीचं संगीत म्हणजे नाटकातली पेटी, देवळातला ढोल, किंवा ट्रकातला टेप, सगळं कसं खणखणीत. हे तर इतकं हळू की एक सूर संपला की नाही ते कळेपर्यंत बाहेरून ट्रक जायचा आणि सगळं गिळून टाकायचा. मिंगेलबाब तेव्हा पट्टीवर बोट तसंच ठेवून थांबत, ट्रक जाऊ देत आणि पुढचा सूर लावत. हळूहळू मला त्यातलं कळू लागलं. एका चालीत डावा हात फुगडीसारखा गोल फिरायचा आणि उजवा हात कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा एकेक सूर सोडायचा. ती ऐकताना मला का कोण जाणे, दोडामार्गाची आजी आठवायची. मी तसं सांगितल्यावर ते इतके खूश झाले की आनामारीबायला हाक मारून त्यांनी ते तिलाही सांगितलं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी पावसाळ्यात त्यांची बोटं आखडू लागली. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसत. त्यांचा मुंबईचा एक जुना दोस्त, आवाज टेपवर घेणारा, म्हणाला की मी मशीन घेऊन तुझ्या घरी येतो, एका दिवसात करू, कॅसेट मी काढतो. पण तो एक दिवस कुठला? पावसात कौलांवरचा आवाज आणि ओलीनं फुगलेला पियानो. पाऊस गेला की गाड्या सुरू. मिंगेलबाब हातांकडे बघत म्हणाले, "फुडल्या वर्सा हीं बोटां म्हजें आयकचीं नात." हे मी घरी येऊन सांगितलं. बाबा जेवत होते. त्यांनी पानातला हात काढला आणि म्हणाले, "खंडेनवमीक गाडी हलणा नाय."

बरोबर होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. ट्रक धुवून, रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांच्या माळा घालून, बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढून उभे करायचे ते दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावरच हलवायचे. वर्षातला तो एकच कोरडा दिवस जेव्हा आमचा रस्ता गप्प असायचा. अडचण एवढीच की रस्ता गप्प असला तरी ड्रायव्हर गप्प नसत. हाकेच्या अंतरावर ट्रकांचा स्टँड, तिथे मोठी पूजा, आणि आरतीपासून रात्रीपर्यंत दोन भोंग्यांवर सिनेमाची गाणी. त्या भोंग्यांसाठी ड्रायव्हर वर्षभर वाट बघत.

बाबा स्टँडवर बोलायला गेले तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन तिथेच होते. त्या दिवसांत स्टँडवरचं वातावरण काही बरं नव्हतं. भाषेच्या भांडणानं एका बाकावर चहा पिणारे दोन बाकांवर बसू लागले होते, मराठीवाले इकडे आणि कोंकणीवाले तिकडे, आणि बाबांसारखे सीमेपलीकडून आलेले दोन्हीकडून थोडे थोडे बाहेरचे. बाबांनी उभं राहून सांगितलं की दुपारची आरती झाली की दिवस कलेपर्यंत भोंगे बंद ठेवूया, मास्तराला वाजवायचं आहे.

"एका मनशाच्या पियानाखातीर आमी सगल्यांनी तोंड धांपून बसप?" कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

बाबा भाषण करणारे नव्हते. त्यांचे कान लाल झाले. "वर्सभर तो आमचो आवाज ऐकता," ते म्हणाले, "कधी उठान बोलाक इलो? एक दुपार आमी तेचो ऐकूया. माज्या हातान तेचा नुकसान झाला हा, ता तुमका सगळ्यांका ठावक आसा. माका दुसरा काय देवक येना नाय."

स्टँडवर सगळ्यांत वडीलधारे होते दाजी. नवा ड्रायव्हर त्यांच्या पाया पडल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावत नसे. तंबाखू चोळता चोळता ते म्हणाले, "गाडी मागीं घेवन दांडो ओडूंक ना असो हांगा कोण आसा? ताचे सुवातेर हांव आसतों तर हांवेंय तेंच केलें आसतें. भोंगे बंद." दोन्ही बाकांनी माना हलवल्या. इतक्या महिन्यांत त्यांचं कशावर एकमत झालं असेल तर ते गप्प बसण्यावर. बाबा घरी येताना रस्त्यात शीळ घालत होते, आणि माझा बाप पाच-पन्नास माणसांना गप्प करू शकतो याचा मला इतका अभिमान वाटत होता की मी डबा विसरून आले.

खंडेनवमीच्या सकाळी आईनं घरातली सगळी हत्यारं ओळीनं मांडली. कोयता, कुदळ, बाबांचे पाने, नारळ खवायचा आडाळा, शेवटी आमची दप्तरं. दप्तर पूजेला लागलं की अभ्यास बंद, म्हणून हा आमचा आवडता सण. सगळ्यांना हळदकुंकू झाल्यावर आईच्या ताटात एक माळ आणि थोडी फुलं उरली. पलीकडे मुंबईचा तो टेपवाला पाहुणा आदल्या दिवशीच आला होता, आनामारीबाय स्वयंपाकात होती, मिंगेलबाब विहिरीवर. आई फडक्यात वडे बांधून, हातात ते ताट घेऊन तिकडे गेली आणि दिवाणखान्यात पियानो दिसला. तिच्या मनात काय आलं ते तिनं नंतर सांगितलं, ते असं की नवऱ्यानं त्याला आदळलं, त्याला निदान आज एक फूल मिळू दे. तिनं पियानोच्या कपाळावर कुंकवाची पाच बोटं ओढली, हळद लावली, रोजांची माळ घातली, उदबत्ती ओवाळली आणि समाधानानं घरी आली.

दुपारी आरती झाली, भोंगे बंद झाले, आणि दिलेला शब्द पाळला जातोय की नाही हे बघायला म्हणून म्हणा की कुतूहल म्हणून म्हणा, नवे शर्ट घातलेले निम्मे ड्रायव्हर दाजींच्या मागून मिंगेलबाबांच्या अंगणात आले. जनेलातून त्यांना माळ दिसली. एकदम कुजबुज सुरू झाली. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. पण बाबांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगे, काय केलंस ह्यां?" ते आईला म्हणाले. "पूजेक लावलंस? आता तेका फाल्यापर्यंत हात लावूक गावाचो नाय!"

आईचा चेहरा उतरला. तिला खरंच हे सुचलं नव्हतं. आणि ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. पूजेला लावलेला ट्रक घाईनं बाहेर काढून वळणावर जिवानिशी गेलेल्या माणसाची गोष्ट स्टँडवरच्या प्रत्येकाला माहीत होती. त्यातला एकजण म्हणाला, "मास्तराच्या बोटांक पयलींच बरें ना. आनी वायट जालें जाल्यार?" मुंबईचा पाहुणा घड्याळाकडे बघत होता. त्याला संध्याकाळची बस धरायची होती. मिंगेलबाब पियानोजवळ उभे होते, हात मागे बांधून. ते क्रिस्तांव, त्यांनी माळ काढून बाजूला ठेवली असती तर कोण काय म्हणणार होतं? पण ते म्हणाले, "वयनीन मोगान घाल्या. तुमी सांगतले तशें. ना म्हणल्यार ना." आणि कदेलीवर बसून राहिले.

तेव्हा माझी आई, जी पुरुषांच्या घोळक्यात कधी तोंड उघडत नसे, बाल्कांवाच्या पायरीवर चढली. "दाजीनू," ती म्हणाली, "माज्या आडाळ्याक आज सकाळीच कुकू लावलंय. आणि तेच्यावरच लगेच नारळ खवलंय. चूल पुजलंय आणि तेच्यावरच वडे तळलंय. तुमच्या घरातय तसाच झाला असतला, नायतर तुमी जेवलात काय? बायकांचा हत्यार पूजेक लागला तरी कोणी तेका विसावो दिलो नाय आजपर्यंत. गाडी मातयेचा काम करता, ती रवांदे उद्यापर्यंत. ह्या पियानोचा काम माणसांका वाढूचा आसा. ह्यां माज्या चुलीतला."

दाजी इतक्या जोरात हसले की मुंबईच्या पाहुण्याच्या मशीनचा काटा हलला. "वयनी, हें आमकां आजवर कोणेंच विचारूंक ना," ते म्हणाले. मग चपला काढून ते आत गेले, पियानोसमोर नारळ ठेवला आणि हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, जसं ते नव्या गाडीसमोर घालत.

"बा देवा म्हाराजा! हें हत्यार तुजे पूजेक लायलां, आनी आयजूच कामाक काडटात. चुलीकडलें म्हणून मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगणातून गजर उठला.

"हाच्या धन्याचीं बोटां बरीं दवर, कांय उणें-अदीक जालां जाल्यार पदरांत घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज मिंगेलबाबांचा होता. मागे आनामारीबायनं क्रूस काढला, म्हणजे त्या बाजूनंही काही कमी राहायला नको.

आईनं अक्षता टाकल्या, पियानो बोटानं हलवल्यासारखा केला आणि माळ उचलून मिंगेलबाबांच्या गळ्यात घातली. ते तसेच माळेसकट बसले. पाहुण्यानं कानाला यंत्र लावलं, डोळे मिटले आणि पुटपुटला, "काहीच नाही. अहो, काहीच ऐकू येत नाहीये." आणि मिंगेलबाबांनी वाजवायला सुरुवात केली.

मी त्या चाली महिनोन्‌महिने ऐकल्या होत्या, आणि त्या दिवशी कळलं की एकही पुरती ऐकली नव्हती. सूर संपता संपता किती लांब जातो हे मला तोवर माहीतच नव्हतं. दर वेळी मध्ये ट्रक आला होता. खालच्या अंगाला मेलेल्या दोन सुरांपाशी त्यांचा डावा हात यायचा, त्यांना वळसा घालून जायचा आणि तिथे काहीतरी वेगळंच सुंदर घडायचं. अंगणात ड्रायव्हर उकिडवे बसले होते, काजूच्या सावलीत, कडेला, पायऱ्यांवर. कुणाला शिंक आली तर तो तोंड दाबून रस्त्यापर्यंत पळत जायचा. आणि बाबा, जे इतके महिने त्या बाल्कांवावर चढले नव्हते, ते खांबाला टेकून उभे होते. ते रडत होते. मी त्यांना पूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटली नाही, उलट सगळ्यांनी बघावं असं वाटलं.

शेवटचा सूर विरल्यावर मिंगेलबाबांनी हात मांडीवर ठेवले. बराच वेळ गेल्यावर एका तरुण ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "मास्तर, आतां सुरू करतले मरे?" हसून हसून आमची मुरकुंडी वळली, आणि त्यात मिंगेलबाब सगळ्यांच्या पुढे. ते म्हणाले, इतकी चांगली दाद त्यांना मुंबईत मिळाली नव्हती.

कॅसेट आली तेव्हा त्यांची बोटं खरंच थकली होती. मला दोन्ही हात पट्ट्यांवर कसे ठेवायचे ते त्यांनी बोलूनच शिकवलं, आणि आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी तेच शब्द सांगते. मोठ्या शहरांत ती कॅसेट जाणकारांनी नावाजली म्हणे. आम्हाला ते पाहुण्याकडून कळलं. आता खाणी थंडावल्या, आमचा रस्ता बारा महिने शांत असतो, आणि ती शांतता मला फुकट मिळालेल्या वस्तूसारखी वाटते. तिची किंमत माहीत असलेली माणसं आता फारशी उरली नाहीत.

कॅसेट आली त्याच आठवड्यात बाबा मला गाडीतून शाळेत सोडायला निघाले. ट्रकातल्या टेपमध्ये त्यांनी ती घातली. इंजिनच्या आवाजात अर्थातच काही ऐकू येईना. त्यांनी आवाज वाढवला, कान टेपजवळ नेला, आणि शेवटी जे कुठलाही ड्रायव्हर भरल्या गाडीनिशी, खेपेच्या वेळी करणार नाही ते केलं. गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं मागून दाजींची गाडी आली. ते घाबरून उतरले. "शिवा, कितें जालें? गाडी बंद पडली?"

"गाडी बरी आसा," बाबा म्हणाले. "वर या. ऐका."

दाजी त्यांच्या गाडीकडे गेले, तिचंही इंजिन बंद करून आले आणि माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसले. तिसऱ्या चालीच्या मध्यावर मिंगेलबाब हात उचलतात, आणि काही क्षण त्यात काहीच ऐकू येत नाही, ना सूर, ना पाखरू, ना रस्ता, ना भोंगे, ना अंगणातली माणसं. दाजींना वाटलं टेप अडकली. त्यांनी बटणाकडे हात नेला. बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका, दाजी," ते हळूच म्हणाले. "ह्ये आमी."